ओलं राहिलेलं मीठ

नानांचं नाव निघालं की आमच्या घरात अजूनही सगळे माझ्याकडे कौतुकानं बघतात. नानांनी मला घरात ठेवून घेतलं, कामाला लावलं, माणसात आणलं, हे मी सगळ्यांना सांगितलं आहे आणि ते खरं आहे. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी आजपर्यंत कुणापुढेही काढलेलं नाही. बायकोपुढे काढणार होतो. एकदोनदा तसा जवळ जाऊन बसलोही. पण दर वेळी गॅसच्या सिलिंडरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचा विषय काढून उठलो. ती गेली. आता तुम्ही आहात. तुम्ही मला ओळखत नाही, आणि — खरं सांगू? — म्हणूनच तुमच्यापाशी बोलायला जमेल असं वाटतंय.

कुठून सुरुवात करू? डाळीपासून करतो. सगळं तिथूनच निघालं.

नगरला, माळीवाड्याजवळ, नाना आणि माई दोन खोल्यांत राहायचे. मागे परसू, परसात विहीर. विहिरीचं पाणी भयंकर जड. डाळ चुलीवर ठेवली की गोवऱ्या संपायच्या पण दाणा फुटायचा नाही. साबण लावला तर फेसाऐवजी दह्यासारखा साका हाताला लागायचा. बंबाच्या आत पांढरी खपली धरायची, ती मी कानशीनं खरवडायचो. माई डाळीत चिमूटभर पापडखार टाकायच्या, आणि नाना पहिल्या घासाला म्हणायचे, "आज पण औषध घातलंस वाटतं."

"पाणी बदलून द्या, मग बोला," माई म्हणायच्या. "शास्त्र शिकवता ना शाळेत? मग शिजवून दाखवा एकदा डाळ!"

हे रोजचं होतं. चेष्टेतलं. त्या घरात भांडण असं मी कधी पाहिलंच नाही.

नाना हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. मी शेवगावचा. इंटर सायन्स कसंबसं झालं, पुढे शिकायची ऐपत नव्हती, तेव्हा नानांनी मला शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लावून घेतलं आणि राहायला घरीच आणलं. लढाई चालू होती, दुसरं महायुद्ध. मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. नाना-माईंना मूल नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण मी पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा माझं ताट कुठल्या बाजूला मांडावं हे माईंना ठरवता येईना. ताट हातात घेऊन त्या उभ्याच राहिल्या. नाना म्हणाले, "मध्ये मांड की." तेव्हापासून मी मध्ये बसायचो. — हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढे मी जे केलं ते कुणाच्या घरात बसून केलं ते तुम्हाला कळावं.

एके दिवशी नाना हात धुता धुता थांबले आणि माईंना म्हणाले, "देतो बदलून."

"काय?"

"पाणी."

आमच्या जिल्ह्यात विहीर खणताना काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या खडक लागतो, ठिपक्याठिपक्यांचा. त्यातल्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबीसर, काचेसारखे खडे असतात. पोरं ते खेळायला नेतात, बाकीचे फेकून देतात. नानांनी ते खडे तपासले होते. ते ॲल्युमिनियमचे सिलिकेट होते. म्हणजे ॲल्युमिनियम आणि वाळूतलं सिलिका यांचा सांगाडा, आणि त्या सांगाड्यात अडकलेलं पाणी. आपली चिकणमाती, चिनीमातीची कपबशी, ही सगळी याच गोतातली, पण या खड्यांचा स्वभाव वेगळा. चमच्यात धरून तापवले की ते दुधासारखे फसफसून उतू येत. नाना वर्गात तो प्रयोग करून दाखवायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही उभी राहायची.

"ही धर्मशाळा आहे, दत्तू," नाना मला म्हणाले. "दगडाच्या आत खोल्याच खोल्या. खोलीत सोडियम उतरलेला असेल आणि बाहेरून चुन्याचं जड पाणी आलं, की सोडियम निघतो आणि चुना आत येऊन बसतो. पाणी हलकं! खोल्या चुन्यानं भरल्या की मग मिठाच्या पाण्यात बुडवायचं. मिठातला सोडियम चुन्याला हुसकून पुन्हा खोल्या घेतो. दगड पुन्हा नवा."

परदेशात अशा वस्तू वापरात होत्या, हे त्यांनी वाचलं होतं. पण लढाईमुळे बाहेरून काही येत नव्हतं. आणि इथे आपल्या पायाखाली तेच पडलंय — पोरं गोट्या म्हणून खेळताहेत — याचा त्यांना कोण आनंद!

सुट्टीच्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, हिंडायचो. सगळ्यात चांगले खडे खर्ड्याकडच्या एका विहिरीत मिळाले. सुरुंग लावून फोडलेला ढिगारा होता, त्यावर नाना धोतर खोचून बसले आणि खडे निवडायला लागले. विहिरीवरचा मुकादम, सखाराम नावाचा, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, हे काचेवानी खडे नेऊन करता तरी काय? लोनचं घालता व्हय?"

"बरोबर ओळखलंस," नाना म्हणाले. "मिठातच घालतो."

"आन् खाता?"

"खात नाही. डाळ शिजवतो."

सखाराम वळून विहिरीतल्या माणसांना ओरडला, "आरं, ऐका! मास्तर दगडाच्या लोनच्यात डाळ शिजवनार हाय!" खालून हसण्याचा आवाज घुमला. नानाही हसत होते. जाताना सखारामनं स्वतःच्या डोक्यावरून एक पाटी मोटारीपर्यंत आणून दिली. "लई शिकलं की मानूस असंच व्हतंय," तो मला हळूच म्हणाला. "जपा त्यान्ला."

जपा त्यान्ला.

पहिल्या खेपेला सगळं नानांनी स्वतः केलं. खडे खलबत्त्यात कुटले, चाळले. या दगडांच्या खोल्यांत मुळातच चुना भरलेला असतो, म्हणून त्यांना मिठाच्या पाण्यात खूप मुरवावं लागतं. ते पाणी रोज फेकायचं, रोज ताजं घालायचं. मग धुऊन एका उभ्या मडक्यात भरले, बुडाला भोक पाडून कापूस लावला, आणि वरून विहिरीचं पाणी सोडलं. खाली ठिबकलेलं पाणी बाटलीत घेऊन त्यात साबणाचं पाणी टाकलं, बाटली हलवली — फेस! बाटलीच्या गळ्यापर्यंत. नाना ती बाटली हातात धरून परसात तसेच उभे राहिले.

माईंनी त्या पाण्यात तुरीची डाळ लावली. पापडखार नाही, काही नाही. बोटानं दाबली तर लोण्यासारखी. माईंनी वाटीभर साधं वरण नानांच्या पुढे ठेवलं आणि त्या तिथेच बसल्या, पदराचं टोक तोंडाशी धरून.

"बघा तरी," त्या म्हणाल्या. "का नुसतंच बघत बसणार आहात माझ्याकडे?"

ते दिवस आठवले की वाटतं — इथेच थांबावं. इथपर्यंतची गोष्ट किती चांगली आहे, नाही का? आणि मी ती इथपर्यंतच सांगत आलोय सगळ्यांना.

गोदावरीकडच्या एका साखर कारखान्याच्या मुख्य रसायनतज्ज्ञांच्या कानावर हे गेलं. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. कारखान्याच्या बॉयलरमध्ये जड पाण्यानं खपली धरायची, कोळसा जास्त जळायचा, नळ्या फुटायच्या. साहेब स्वतः नगरला आले, फेस बघितला, आणि म्हणाले, "मास्तर, एकदा चाललं हे ठीक. पण पुन्हा पुन्हा मिठानं जिवंत होतो का हा दगड? हंगामभर टिकला पाहिजे. तेवढं दाखवा. मग आपण नगरातच याचा छोटा कारखाना घालू, आणि तो तुम्ही बघायचा."

नाना त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले आणि परसात मडक्यापाशी जाऊन बसले. माईंनी मला नंतर सांगितलं — तरुणपणी त्यांना बंगलोरला संशोधनाला जायचं होतं. जागाही मिळाली होती. वडील गेले, धाकटी भावंडं होती, ते परत आले आणि मास्तर झाले. "सामान बांधून झालं होतं रे," माई म्हणाल्या. "मीच सोडवलं ते."

म्हणजे काय पणाला लागलं होतं, ते तुम्ही समजून घ्या. तो माणूस दुसऱ्यांदा सामान बांधत होता.

साहेबांनी मिठाच्या गोण्या पाठवल्या, दोन पिंपं पाठवली. शाळा सांभाळून नानांना सगळं होणार नव्हतं, म्हणून कामं वाटून घेतली. दगडांवरून पाणी सोडणं आणि फेस मोजणं आम्ही दोघं करायचो. दगड मिठात मुरवणं — ते माझ्याकडे. नानांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. दर खेपेला मीठ ताजं. एकदा वापरलेल्या पाण्यात दगडातून निघालेला चुना असतो. तेच पाणी पुन्हा घातलं तर हुसकलेला पाहुणा पुन्हा दारात उभा. "ते पाणी बिनदिक्कत गटारात ओत," ते म्हणाले. "मिठाकडे बघू नकोस."

आणि माई मिठाकडेच बघत होत्या.

माईंचा एक धाकटा भाऊ होता. मिठाच्या सत्याग्रहात तो कोकणच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलायला गेला. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेला, आणि सुटून आला तो खोकत आला. वर्ष काढलं असेल-नसेल. माईंच्या घरी मिठाचा खडा जमिनीवर पडला तर त्या कामं टाकून तो वेचायच्या. सांडलेलं मीठ देवाच्या घरी पापण्यांनी वेचावं लागतं, असं त्या म्हणायच्या. पण आम्हाला ठाऊक होतं, तो विश्वास नुसता लहानपणचा नव्हता. त्यात लढाईमुळे मीठसुद्धा वेळेवर मिळेनासं झालेलं. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन दारात यायच्या.

पहिल्या खेपेचं मिठाचं पाणी मी पिंपानं गटारात ओतलं तेव्हा माई मागच्या दारात उभ्या होत्या. ओघळ जिरेपर्यंत बघत राहिल्या. दुसऱ्या खेपेला मी पिंप कलतं केलं, तेव्हा त्यांनी येऊन माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दत्तू, बाळा," त्या म्हणाल्या, "रांजणात ओत. गाळून घे आणि पुन्हा तेच वापर. मीठ ते मीठच ना? याला कुठे कुणी खाल्लंय?"

मी म्हणालो, "नानांनी —"

"त्यांना कशाला सांगतोस? त्यांच्या डोक्याला काय कमी आहे?" आणि मग अगदी हळू, "मला बघवत नाही रे गटारात."

तुम्ही काय केलं असतं? — नाही, हे विचारायला नको होतं. तुम्ही काय केलं असतं त्याचा इथे संबंध नाही. मी काय केलं ते सांगतो. मी पाणी रांजणात ओतलं. वरून फडकं बांधलं. माईंचा चेहरा असा काही निवळला की मलाच काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं. मनात म्हणालो, एकदा वापरलं तर काय मोठं बिघडतं.

तिसऱ्या खेपेला तेच. चौथ्याला तेच. गोणीतलं मीठ कमी होत होतं, पण ते वाटीवाटीनं गल्लीत जात होतं. नानांना कमी होणारी गोणी दिसायची, एवढंच. त्यांनी कधी रांजणावरचं फडकं उचललं नाही. कशाला उचलतील?

आणि फेस उतरायला लागला.

आधी बाटलीच्या गळ्याशी, मग खांद्याशी, मग पोटाशी. नाना बाटली उजेडात धरून बघायचे, पुन्हा हलवायचे. त्यांनी चाळण बदलली. दगड जास्त वेळ मुरवायला सांगितले. पाण्याची धार बारीक केली. शाळेतून आले की टोपी खुंटीला न लावता सरळ परसात यायचे. एक दिवस ते माझ्याकडे वळले. रागानं नाही — मला आठवतं तसं, अगदी आर्जवानं.

"दत्तू, मीठ ताजं असतं ना रे दर खेपेला?"

"हो नाना. ताजं."

झालं. एवढंच आहे ते. इतकी वर्षं मी ज्याच्याभोवती फिरतोय ते एवढंसं आहे. माई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. नानांनी मान हलवली. त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. माझा शब्द त्यांना पुरला. मग चूक राहिली कुणाकडे? दगडाकडे.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तुला नीट कळलं नसेल. पोरगा होतास. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण एक गोष्ट आहे. रांजणातलं थोडं पाणी माईंनी आटवलं होतं, पापडासाठी वेगळं मीठ निघतंय का बघायला. खाली जे राहिलं ते सुपात पसरून उन्हात ठेवलं. उन्हाळ्याचं कडक ऊन, नगरचं. ते मीठ वाळेचना. सकाळी ओलं, दुपारी ओलं, बोटाला चिकटायचं. माई म्हणाल्या, "हे बघ रे दत्तू, श्रावण असल्यासारखं पाझरतंय. असं कसं?"

मी इंटर सायन्स झालो होतो. चुन्याचा क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतो, कधी कोरडा राहत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. सुपातलं ते ओलं मीठ बघितलं आणि मला कळलं. सगळं कळलं — की रांजणात किती चुना साठलाय, की दगड का मरतायत, की फेस का उतरतोय. मी माईंना म्हणालो, "हवेत दमटपणा असेल." नगरला! उन्हाळ्यात!

त्या हसल्या. "असेल बाबा. तुम्ही शास्त्रवाले."

ते मीठ त्या शेजारच्या गाईपुढे ठेवायला निघाल्या. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, खाण्यालायक नाही म्हणून. गाईची काळजी घेतली. नानांची घेतली नाही.

का नाही सांगितलं? स्वतःला मी किती तरी उत्तरं दिली आहेत. एक होतं — माईंना कळलं असतं की त्यांच्यामुळे झालं. भावाच्या मिठापायी नवऱ्याचं काम गेलं. त्या कोलमडल्या असत्या. हे उत्तर मला फार वर्षं आवडायचं. त्यात मी चांगला दिसतो. पण माईंचं नाव न काढताही मला सांगता आलं असतं की. "नाना, मी आळस केला, जुनंच पाणी वापरलं." एवढं वाक्य. माईंना त्यातलं काही उमगलं नसतं. नाना चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी ताजं मीठ घालून सुरुवात केली असती. मग मी का बोललो नाही? कारण मी "ताजं" म्हणालो होतो. मध्ये मांडलेल्या ताटावर बसून मला खोटा ठरायचं नव्हतं. बस. दुसरं काही नव्हतं.

साहेब आले त्या दिवशी नानांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी मनात देवाची प्रार्थना करत होतो, की साहेबच काहीतरी शंका काढतील, रांजणाकडे बघतील, मला काही करावं लागणार नाही. साहेबांनी शंका काढायच्या आधीच नाना बोलले. सगळ्या खेपांच्या बाटल्या त्यांनी ओळीनं मांडल्या होत्या, उतरत्या फेसाच्या. लपवायला जागा होती; पहिली बाटली दाखवून वेळ मारून नेता आली असती. ते म्हणाले, "साहेब, आमचा दगड थकतो. एकदा काम करतो, पण मिठानं पुन्हा उठत नाही. तुमच्या बॉयलरला याचा उपयोग नाही. मला जे दिसलं ते हे असं आहे."

साहेबांनी शेवटची बाटली उचलून हलवून बघितली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"फेस हा बघायचा?"

"आम्ही दोघं. पण मुरवणं, मांडणं सगळं त्याचं."

"आकडे पडत चाललेत हे दिसत होतं तरी एकही चढवून सांगितला नाही याने. मास्तर, असा माणूस मला लॅबोरेटरीत हवा. द्याल?"

आणि नाना — ज्यांचं दुसऱ्यांदा बांधलेलं सामान त्या क्षणी सुटलं होतं — ते नाना हसले. खरोखर हसले. "द्याल काय, घेऊनच जा," ते म्हणाले. "इथे नुसता दगड कुटतोय."

मी गेलो. काय करणार होतो, असं म्हणणार नाही. नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हणालो. माईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला, दशम्या दिल्या, नानांनी स्वतःचं फाउंटन पेन दिलं. मोटार सुटेपर्यंत दोघं अड्ड्यावर उभे होते.

कारखान्यात माझं बरं चाललं. जाताना मी खर्ड्याच्या खड्यांची एक पिशवी बरोबर नेली होती. का नेली, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. एका रविवारी लॅबोरेटरीत कुणी नसताना मी ते कुटले, चाळले, आणि नानांच्या पद्धतीनं मिठात मुरवले. दर खेपेला ताजं. फेस आला. पुन्हा केलं. आला. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. दगड दर वेळी उठून उभा राहत होता, जणू काही झालंच नाही.

मी पुणतांब्याला गाडी धरली आणि नगरला निघालो. सांगायचंच, हे ठरवून निघालो होतो. गाडीत वाक्य पाठ करत होतो. नानांसाठी अजून काही उशीर झाला नव्हता. साहेब माझ्या ओळखीचे, नाना धडधाकट, लढाई चालूच. सगळं पुन्हा सुरू होऊ शकत होतं.

स्टेशनवरून सरळ शाळेत गेलो. नाना वर्गावर होते. दार उघडं होतं. मी बाहेर थांबलो. ते मुलांना खड्यांचीच गोष्ट सांगत होते — विहीर, सखाराम, लोणचं. मुलं हसत होती. मग ते म्हणाले, "मला फार वाटत होतं की हा दगड टिकावा. पण आपल्याला वाटतं म्हणून दगड ऐकत नाही. त्यानं नाही म्हटलं, मी ते ऐकलं. आणि मला ते ऐकू आलं कशामुळे? माझा जो मदतनीस होता त्यानं मला एकही गोष्ट खोटी सांगितली नाही म्हणून. माझं मन राखायला तो थोडंसं वाढवून सांगू शकला असता. त्याचा माझ्यावर फार जीव होता. तरी नाही सांगितलं. संशोधन म्हणतात ते हे."

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्यांचा चेहरा कसा उजळला, ते मी तुम्हाला सांगू शकणार नाही. "अरे! हाच तो! हाच!" हाताला धरून त्यांनी मला आत नेलं. सगळा वर्ग उभा राहिला.

मी नमस्कार केला.

त्या दिवशी मी माईंच्या हातचं जेवलो. माझं ताट मध्येच होतं. डाळीत पापडखार होता. नानांनी विचारलं, "मध्येच कसा काय आलास?" मी म्हणालो, "सहज. आठवण आली." मग मी संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो.

त्यानंतर नाना आणखी बरीच वर्षं शिकवत होते. दर वर्षीच्या मुलांना ती गोष्ट सांगत होते. मला त्यांचे विद्यार्थी भेटायचे, मोठे झालेले, आणि माझं नाव ऐकून हात हातात घ्यायचे. "तुम्हीच ते?" मी होच म्हणायचो. नाना गेले तेव्हा मी खांदा दिला. नंतर एकदा माई म्हणाल्या, "तेवढा एक दगड फितूर निघाला रे, नाहीतर त्यांचं सगळं सरळ होतं." मी त्यांच्यासमोर बसलो होतो. चहाची बशी हातात होती. चहा प्यालो. मग माईही गेल्या.

नाना गेल्यावर सांगून काय उपयोग, असं तेव्हा वाटायचं. आता उपयोगाचा विचार करत नाही. ज्या मुलांनी ती गोष्ट ऐकली त्यातली काही अजून असतील, म्हातारी झाली असतील, नातवंडांना सांगत असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी एवढं दुरुस्त करून घ्यावं. खर्ड्याचा दगड चांगला होता. मिठानं तो दर वेळी उठत होता. मी स्वतः पाहिलं आहे. नानांना जे सुचलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होतं. माईंनी एक गोष्ट मागितली ती न कळून मागितली. मी दिली ती कळून दिली. नानांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि ज्या दिवशी खरं सांगायला गेलो त्या दिवशी नमस्कार करून परत आलो.